रकाना चौदा

दर महिन्याच्या सत्तावीस तारखेला
मिहानच्या चौथ्या मजल्यावर
अकराशे बासष्ट माणसं माझ्यासमोर एकाखाली एक झोपतात
आणि मी त्यांना एका बोटानं
खालपर्यंत सरकवत नेते.

हातात पडणारी रक्कम चौदाव्या रकान्यात.
अलीकडचे तेरा रकाने
ती एवढीच का, हे समजावत बसतात.

गुपित राखायच्या कागदावर माझी सही आहे.
म्हणून मला ठाऊक आहे आणि ठाऊक नाही,
की कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या चहाचे पैसे देणारा तुषार नंदनवार
पाच महिने बेंचवर आहे,
की अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं रात्रभर तपासणारी रोशनी उईके
पुण्यातल्या तिच्याच टीमच्या मुलीपेक्षा
अकरा हजारांनी खाली आहे,
कारण नागपूर टियर टू,
इथं जगणं स्वस्त पडतं म्हणे.
म्हणणाऱ्यानं एकदा मे महिन्यात
दोन खोल्यांना दोन कूलर लावून
विजेचं बिल भरून दाखवावं.

एकदा चुकून दुसऱ्या विभागाची फाईल माझ्याकडे आली.
त्यात माणसं नव्हती, खुर्च्या होत्या.
एका खुर्चीचे तासाला बावीस डॉलर.
मी ती लगेच मिटवली,
कळवलंही तसं.
गुणाकार मात्र खापरी स्टेशनापर्यंत
माझ्यासोबत चालत आला.

जूनमध्ये नवी बॅच आली.
सदतीस पोरं,
काटोल, उमरेड, रामटेक, पवनी,
बूट इतके नवे की चालताना लाजत होते.
बँकेचा फॉर्म भरता भरता
पवनीच्या लोकेश हेडाऊनं विचारलं,
"मॅडम, तीन वीस म्हणजे महिन्याचे किती जी?"

मी सांगितलं.
ग्रॅच्युइटी, जी दिसते पण मिळत नाही.
व्हेरिएबल, जो मिळेल असं दिसतं.
भविष्य निर्वाह, दोन्ही बाजूंचा तुझाच.
"एकवीस हजार चारशे."

"बरे आहेत ना जी," तो म्हणाला
आणि बाहेर जाऊन कोणाला तरी फोनवर
बावीस सांगितले.

त्या रात्री मी जुन्या फाईलींत गेले.
अकरा वर्षांपूर्वीचा जून,
ओळ चारशे सहा, पराते वैजयंती, म्हणजे मी.
तीन लाख वीस हजार.
स्वल्पविरामही त्याच जागी.
तेव्हा तर्री-पोहे बारा रुपयांना होते,
मेट्रोचे खांब फक्त कागदावर होते,
आणि भैय्यासायबाच्या ठेल्यावर
शिळ्या तर्रीचे पैसे तरी कोणी घेत नव्हतं.

वार्षिक सभेत मोठ्या पडद्यावर
बंगळुरूहून एक गृहस्थ उगवले.
देशात आपल्या क्षेत्राची माणसं किती लाखांनी वाढली,
त्याचे निळे खांब त्यांनी दाखवले.
शेवटचा खांब पडद्यात मावेना.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
मी खोटी नव्हते वाजवत,
त्या खांबात खालून कुठेतरी
एक विटेएवढी मी होतेच की.

जुलैच्या एकतीसला पगार पडले.
सकाळी सहाला अकराशे उशांखाली
फोन थरथरले असतील.
माझाही. मी उठून दूध तापवलं.

दुपारी लोकेश स्लिप घेऊन आला,
घडी घालून, खिशातून, देवाच्या अंगाऱ्यासारखी.
"हे दोनशे कशाचे कापले जी?"

"व्यवसाय कर."

"म्हणजे?"

"नोकरी असल्याचा. फेब्रुवारीत तीनशे."

तो थोडा वेळ हिशेब करत उभा राहिला.
खाली पार्किंगमध्ये कॅब हॉर्न मारून राहिली होती,
वरच्या मजल्यावर म्हणे
काही खुर्च्या मोजून चालल्या होत्या.

"म्हणजे फेब्रुवारीपर्यंत आहोच ना जी आपण,"
तो म्हणाला, आणि मोकळा हसला.